बुजविलेली विहीर आणि झाकलेला खळगा

शास्त्रपाठ : उत्पत्ति २६ : १२–२२, निर्गम २१ : ३३–३४, यहेज्केल ३४ : १७–१९
पाठ करावयाचे वचन : नीतिसूत्रे २५ : २६
पाठाचा उद्देश : कारखान्याचा विषारी मळ पाणवठ्याजवळ पुरला जात असता ख्रिस्ती मंडळीचे कर्तव्य काय, हे समजून घेणे.

१. इसहाकाच्या विहिरी

इसहाकाने गरारच्या मुलुखात पेरणी केली आणि देवाच्या आशीर्वादाने त्यास त्याच वर्षी शंभरपट पीक आले. ते पाहून पलिष्ट्यांना हेवा वाटला. त्यांनी त्याच्यावर शस्त्र उचलले नाही, त्याची गुरे पळविली नाहीत. त्याच्या बापाच्या चाकरांनी खणलेल्या विहिरी तेवढ्या माती लोटून बुजवून टाकल्या. कोरड्या देशात विहीर बुजविणे म्हणजे शेजाऱ्यास तलवारीवाचून देशोधडीस लावणे होय.

इसहाकाने काय केले, ते नीट पाहा. तो मारामारीस उठला नाही. तसाच हात जोडून उगाच बसलाही नाही. त्याने बापाच्या विहिरी पुन्हा उकरल्या आणि बापाने दिलेलीच नावे त्यांस ठेविली. नव्या विहिरींविषयी तंटा झाला तेव्हा एकीस त्याने कलहाचे नाव दिले, दुसरीस वैराचे; आणि जेथे तंटा मिटला तेथील विहिरीस ऐसपैस जागेचे नाव दिले. जे घडले ते त्याने नावानिशी सांगितले, आणि पाणी लागेपर्यंत खणणे सोडिले नाही.

पलिष्ट्यांनी बुजविलेली विहीर निदान डोळ्यांना दिसत असे. आमच्या काळी विहीर बुजविण्याची निराळी रीत निघाली आहे. विहीर उघडी असते, पाणी निवळ दिसते, पोहरा भरून वर येतो, बाया घागरी भरून घरी नेतात. परंतु अर्ध्या कोसावर कोणी खळगा खणून त्यात कारखान्याचा मळ लोटिलेला असतो आणि वरून माती सारखी केलेली असते. तोंड खळग्याचे बुजते, पण नाश विहिरीचा होतो. ह्या पाठात त्याच गोष्टीचा विचार करावयाचा आहे.

२. भुईखालचे पाणी

पुष्कळांची अशी समजूत असते की, विहिरीचे पाणी विहिरीतच असते. तसे नाही. पावसाचे पाणी मातीतून मुरुमात आणि मुरुमातून खडकाच्या भेगांत उतरते व तेथून हळूहळू सखल बाजूस चालत राहते. विहीर म्हणजे त्या चालत्या पाण्यास आपण ठेविलेली एक खिडकी होय. ह्यास्तव गावातील दहा विहिरींचे मालक दहा असले, तरी त्यांचे पाणी बहुधा एकाच घरचे असते.

वाळूतून किंवा दाट मातीतून झिरपणारे पाणी थोडेबहुत गाळले जाते. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी भेगांतून वाहते. भेगांस गाळणी नसते. वरचे विष भेगेत शिरले, म्हणजे ते कोणत्या दिशेस किती लांब जाईल हे वरून पाहणाऱ्यास सांगता येत नाही. जमिनीखालील पाणी एकदा बिघडले की ते सुधारावयास पिढ्या लागतात, कारण नदीप्रमाणे एका पुराने ते धुऊन जात नाही.

आणखी एक गोष्ट घरोघरी सांगून ठेवावी. पाणी उकळल्याने रोगाचे जंतू मरतात. परंतु शिसे, क्रोम, आर्सेनिक ह्यांसारखी विषे उकळून जात नाहीत. उलट पाण्याची वाफ होऊन विष मागे राहते व अधिक दाट होते. पाणी निवळ दिसते, म्हणून ते निर्दोष आहे असेही समजू नये. कित्येक विषांस रंग नाही, वास नाही, चवही नाही.

३. वॉरनच्या मंडळीची हकीकत

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यात वॉरन काउंटी म्हणून आपल्या एखाद्या लहान तालुक्याएवढा मुलूख आहे. तेथील बहुतेक लोक कृष्णवर्णी, ज्यांचे पूर्वज एके काळी गुलाम होते असे, शेतीवर पोट भरणारे व गरीब. घरोघरी विहिरीचेच पाणी पीत.

१९७८ च्या उन्हाळ्यात काही माणसांनी टाकीच्या मोटारी घेऊन रात्रीच्या वेळी त्या राज्यातील रस्त्यांच्या कडेला सुमारे ३१,००० गॅलन टाकाऊ तेल सोडून दिले. विजेच्या ट्रान्स्फॉर्मरमध्ये घालीत ते हे तेल, त्यात पी.सी.बी. नावाचे विष होते. हे विष कुजत नाही, विरत नाही, प्राण्यांच्या चरबीत साठून राहते, आणि कर्करोगासही कारण होते. ते रीतीने नाहीसे करावयास खर्च येतो. तो वाचविण्याकरिता हा उद्योग झाला. १४ काउंट्यांतील सुमारे २४० मैल रस्त्यांच्या कडा विषारी झाल्या. अपराधी सापडले व त्यांस शिक्षाही झाली. परंतु ती माती खरवडून ठेवावयाची कोठे? सरकारने वॉरनमधील ॲफ्टन गावाजवळची जमीन निवडली.

लोकांनी विचारिले, आमच्या येथे पाणी जमिनीपासून थोड्याच फुटांवर लागते. मग हीच जागा का? अशा खड्ड्याच्या तळामध्ये आणि भुईखालच्या पाण्यामध्ये ५० फुटांचे अंतर असावे, असा केंद्र सरकारचा नियमच होता. परंतु ह्या जागेपुरती त्या नियमात सूट देण्यात आली. लोकांनी सभेत जाऊन हरकती सांगितल्या, न्यायालयात दावे लाविले. काही उपयोग झाला नाही. ता. १५ सप्टेंबर १९८२ रोजी मातीने भरलेल्या मोटारी येऊ लागल्या.

त्या दिवशी लोक कोठे जमले? कोली स्प्रिंग्ज येथील बॅप्टिस्ट मंदिरात. तेथे प्रार्थना झाली, गीते गाइली, आणि तेथून ती मंडळी रांगेने चालत खड्ड्याच्या वाटेवर गेली. म्हातारे, बाया, मुले, काळे आणि गोरे, मोटारींपुढे रस्त्यावर निजले. कोणी दगड उचलला नाही. सुमारे सहा आठवड्यांत ५०० हून अधिक माणसांस अटक झाली. त्यांत युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टचे पाळक लिऑन व्हाइट व बेंजामिन चॅव्हिस हेही होते.

येथे आपल्या वाचकांस एक नाते सांगावेसे वाटते. ज्या काँग्रिगेशनल मंडळ्यांनी १८१३ साली मुंबईस आपले मिशनरी पाठविले व अमेरिकन मराठी मिशनचा पाया घातला, त्याच मंडळ्या पुढे १९५७ मध्ये ह्या युनायटेड चर्चमध्ये एकत्र झाल्या. म्हणजे वॉरनच्या रस्त्यावर जे पाळक निजले, ते आपल्या आत्मिक कुळातीलच होते.

आता खरे सांगावयाचे ते असे की, ते लोक हरले. मोटारी थांबल्या नाहीत. माती पुरली गेली. आपण उपदेशकांस गोष्टीचा शेवट गोड करावयाची सवय असते. परंतु ही गोष्ट तेथे गोड होत नाही. त्या रात्री घरी परत गेलेल्या बाईला आपल्याच विहिरीचे पाणी काढताना काय वाटले असेल, ह्याचा विचार करावा.

तरी ते श्रम व्यर्थ गेले नाहीत. यापुढे ह्या काउंटीत असा दुसरा खड्डा होणार नाही, आणि साधन सापडताच ही माती निर्विष केली जाईल, असे वचन राज्याच्या गव्हर्नरांनी दिले. १९८३ साली अमेरिकन काँग्रेसच्या हिशेबतपासणी खात्याने आग्नेयेकडील आठ राज्यांत चौकशी केली, तेव्हा विषारी मळाच्या अशा चार मोठ्या खड्ड्यांपैकी तीन कृष्णवर्णी लोकांच्या वस्तीत आढळले. १९८७ साली युनायटेड चर्चने सबंध देशाची पाहणी करून दाखविले की, विषारी मळाच्या जागा कोठे आहेत हे पाहू गेले असता, गरिबीपेक्षाही लोकांच्या वर्णाशी त्यांचा अधिक निकट संबंध दिसतो. जी गोष्ट एका गावाची तक्रार म्हणून दुर्लक्षिली जात होती, ती साऱ्या देशाच्या विवेकापुढे येऊन उभी राहिली.

आणि ते वचन? १९९३ मध्ये असे उघडकीस आले की, कोरडा राहील म्हणून सांगितलेल्या त्या खड्ड्यात पुष्कळ पाणी साचले आहे. लोकांनी वचनाची आठवण सोडिली नव्हती. त्यांनी सरकारबरोबर बसून, आपल्या विश्वासाचे शास्त्रज्ञ घेऊन, उपाय शोधिला. अखेर ती माती उकरून, तेथल्या तेथेच तापवून, निर्विष करण्यात आली. ते काम २००३ च्या अखेरीस पुरे झाले. रस्त्यावर निजलेल्या लोकांस एकवीस वर्षे वाट पाहावी लागली.

४. आपल्या देशातील बिछडी

कोणी म्हणेल, ही परदेशची गोष्ट. आपल्यास तिचे काय? तर आपल्या देशातील एक उदाहरण ऐका. राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात बिछडी नावाचे गाव आहे. १९८८ साली तेथे रंगाच्या उद्योगास लागणारे एच-ॲसिड नावाचे रसायन तयार होऊ लागले. कारखाना फार दिवस चालला नाही. परंतु तेवढ्यात सुमारे अडीच हजार टन विषारी गाळ निघाला. तपासणीसाठी येणाऱ्यांच्या दृष्टीस तो पडू नये म्हणून कारखानदारांनी तो आवारभर पसरून त्यावर माती टाकिली, असे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात नमूद आहे. मातीने अधिकाऱ्यांचे डोळे झाकले; पावसाचे डोळे झाकले नाहीत. विष झिरपून विहिरींत उतरले. पाणी काळपट झाले. ते ना माणसाच्या कामाचे राहिले, ना गुरांच्या, ना शेताच्या.

गावकरी खवळून उठले, जमावबंदीचा हुकूम झाला, आणि १९८९ मध्ये तो कारखाना बंद पडला. आपल्या नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तेथील माती व पाणी तपासून अहवाल दिला. ता. १३ फेब्रुवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, ज्याने घाण केली त्यानेच ती निस्तरण्याचा खर्च सोसावा. तरीही पैसे भरण्याची टाळाटाळ झाली. तेव्हा २०११ साली न्यायालयाने पुनः आज्ञा करून ३७ कोटी रुपयांहून अधिक रक्कम व्याजासह भरावयास फर्माविले.

न्यायालयाचे हे तत्त्व ऐकून मोशेच्या नियमशास्त्राची आठवण होते. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात सांगितले आहे की, कोणी खळगा खणून तो उघडा टाकिला आणि शेजाऱ्याचा बैल किंवा गाढव त्यात पडून मेले, तर खळग्याच्या धन्याने भरपाई करावी. ‘बैलाने पाहून चालावयास पाहिजे होते,’ असे खळग्याच्या धन्यास म्हणता येत नाही. तेथे खळगा उघडा टाकणे हा अपराध होता. येथे खळगा झाकणे हा अपराध आहे. पण नियम एकच : ज्याने खणिला, त्याने भरावे.

५. तीन शंका

पहिली शंका : ‘घाण पुरावी, असे शास्त्रच सांगते.’ अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायात छावणीतील मनुष्याने आपला मळ मातीखाली झाकावा, अशी आज्ञा आहे खरी. परंतु दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. एक ही की, ती जागा छावणीच्या बाहेर होती. दुसरी ही की, तो मळ मातीत मिळून माती होणारा होता. मातीस देवाने ते सामर्थ्य दिले आहे. जे विष मातीस पचविता येत नाही ते तिच्या पोटात घालणे, ह्यास त्या आज्ञेचा आधार मिळत नाही.

दुसरी शंका : ‘सरकारने परवानगी दिली असता तिच्या विरुद्ध बोलणे हे रोमकरांच्या तेराव्या अध्यायाचे उल्लंघन नव्हे काय?’ जो पौल अधिकाऱ्यांच्या अधीन असावे असे लिहितो, त्याच पौलाने फिलिप्पै येथे, आपणांस अन्यायाने फटके मारिले असता, मुकाट्याने निघून जाण्याचे नाकारिले व अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आपणांस बाहेर न्यावे असा आग्रह धरिला. कायद्याची आठवण देणे म्हणजे बंड नव्हे. आपल्या देशाच्या १९७४ च्या जलप्रदूषणाच्या कायद्याने विषारी पदार्थ ओढ्यात किंवा विहिरीत जाऊ देण्यास मनाई केली आहे. आणि त्या कायद्यात ‘ओढा’ ह्या शब्दात भुईखालचे पाणीही घातले आहे. जो त्या कायद्याचा आधार घेतो तो सरकारचा शत्रू नव्हे. तो सरकारचाच शब्द सरकारपुढे ठेवितो.

तिसरी शंका सर्वांत कठीण आहे : ‘कारखाना आमच्या पोरांस भाकरी देतो.’ ही शंका हसण्यावारी नेऊ नये. मंडळीतील एकाच बाकावर एक बाई अशी बसते की, जिच्या विहिरीचे पाणी बिघडले आहे. आणि तिच्या शेजारी दुसरी अशी की, जिचा मुलगा त्याच कारखान्यात कामास आहे, कदाचित खळग्याकडे जाणारी मोटारही तोच हाकतो. पाळकाने एकीची बाजू घेऊन दुसरीस दूर लोटावयाचे काय? मुळीच नाही. कारखाना नको, असे आपले म्हणणे नाही. विषाचा खर्च कारखान्याने सोसावा, विहिरीने सोसू नये, एवढेच म्हणणे आहे. यहेज्केल संदेष्ट्याने त्या पुष्ट मेंढरांचा दोष कोणता सांगितला? ती निवळ पाणी प्याली हा दोष नव्हे. पिऊन झाल्यावर उरलेले पाणी त्यांनी पायांनी गढूळ केले व दुबळ्यांस तेच प्यावे लागले, हा दोष. शिवाय तो मोटार हाकणारा मुलगाही त्याच गावचे पाणी पितो.

६. मंडळीने काय करावे

आपल्या मंडळ्यांतील कित्येकांच्या आज्यांना गावच्या विहिरीवर चढू देत नसत. घागर खाली ठेवून, कोणा दयाळू हाताने वरून पाणी ओतावे म्हणून त्या तासन्‌तास उभ्या राहत. ता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या मागोमाग हजारो लोक महाडच्या चवदार तळ्यावर गेले व ओंजळीने पाणी प्याले, त्याचा अर्थ आपणांस कोणी समजावून सांगावयास नको. पाण्याजवळ जाण्याचा जो हक्क इतक्या कष्टाने मिळाला, ते पाणीच विषारी होऊ दिले, तर हाती रिकामा पोहरा राहील. ह्यास्तव पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्या.

पहिली, पाहावे व लिहून ठेवावे. कोणत्या तारखेस, किती वाजता, कोणत्या जागी मोटार आली, पाण्यास रंग किंवा वास केव्हापासून आला, हे वहीत टिपावे. शाळामास्तराने किंवा उपदेशकाने हे काम अंगावर घ्यावे. ऐकीव गोष्ट पाहिलेली म्हणून कधी लिहू नये. खोटी साक्ष विहिरीतील विषाहून कमी वाईट नाही, आणि एका खोट्या वाक्याने शंभर खरी वाक्ये बुडतात.

दुसरी, खळगा आपण होऊन उकरू नये, त्यातील वस्तूस हात लावू नये, मुलांस व गुरांस जवळ जाऊ देऊ नये. संशय असलेल्या विहिरीचे पाणी पिणे थांबवून सरकारी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे.

तिसरी, एकट्याने जाऊ नये. विहीर सर्वांची, तर तक्रारही सर्वांची असावी. ग्रामसभेत ठराव करावा. ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान, बौद्ध, सर्वांच्या सह्या घ्याव्या. तो ठराव महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे व जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवून पोच घ्यावी. तेथे दाद न लागल्यास राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे एक पीठ पुणे येथे आहे. नव्या प्रकल्पाची जनसुनावणी असेल, तर त्या दिवशी घरी बसू नये.

चौथी, ‘आमच्या गावात नको’ एवढेच म्हणून थांबू नये. आपल्या येथून उचललेला मळ दुसऱ्या एखाद्या दुबळ्या वाडीजवळ पुरला जाणार असेल, तर आपण आपली विहीर वाचवून शेजाऱ्याची बुजविली असे होईल. वॉरनची माती दुसऱ्या गरीब वस्तीजवळ नेऊन पुरली गेली नाही, ती तेथेच निर्विष झाली, ही गोष्ट विसरू नये. शेजारी कोण, ह्या प्रश्नाचे उत्तर प्रभूने आपणांस पूर्वीच दिले आहे.

पाचवी, हात व जीभ स्वच्छ ठेवावी. कारखान्याच्या धन्याविषयी द्वेष बाळगू नये. त्याच्याकरिताही प्रार्थना करावी. लूकाच्या अठराव्या अध्यायातील विधवेने न्यायाधीशास शिव्या दिल्या नाहीत; ती केवळ पुन्हा पुन्हा आली.

तात्पर्य. आजचे पाठाचे वचन काढून वाचा. दुष्टापुढे ढळणारा धार्मिक मनुष्य कशासारखा आहे, हे सांगताना ज्ञानी पुरुषाने बिघडलेल्या झऱ्याचाच दृष्टांत घेतला आहे. खळग्यातून विहिरीपर्यंत विष पोहोचावयास वर्षे लागतात. परंतु ज्या दिवशी गावातील सज्जन माणूस ‘आपल्यास काय त्याचे?’ म्हणून मान वळवितो, त्याच दिवशी एक झरा गढूळ झालेला असतो. आपण जिंकू किंवा हरू, हे देवाच्या हाती आहे. वॉरनचे लोक एकवीस वर्षे हरलेलेच होते. आपल्या हाती एवढेच आहे की, आपण ढळू नये.

चर्चेसाठी प्रश्न
१. इसहाकाने विहिरींना जी नावे दिली, त्यांवरून आपण काय शिकतो?
२. आपल्या गावात पिण्याचे पाणी कोठून येते? त्याच्या वरच्या बाजूस काय आहे, हे तुम्ही स्वतः जाऊन पाहिले आहे काय?
३. मंडळीतील एकाचे पोट कारखान्यावर व दुसऱ्याचे शेत विहिरीवर असेल, तर दोघांस एकत्र राखण्यास काय करावे?
४. वॉरनची मंडळी हरली असे केव्हा म्हणता येईल, व केव्हा म्हणता येणार नाही?

प्रार्थनेचा विषय : ज्यांच्या विहिरी बिघडल्या आहेत त्या गावांकरिता; कारखान्यांत राबणाऱ्यांकरिता; कारखानदार व अधिकारी ह्यांस सद्बुद्धी मिळावी म्हणून; आणि आपणांस न ढळण्याचे बळ मिळावे म्हणून.